बत्तिसावी सेटिंग

‘अपडेट’ हा शब्द कुणी माझ्यासमोर गोड आवाजात उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरचे हसतात. खुशाल हसू देत. मी जखमांच्या विभागात नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि एका कॅमेऱ्याच्या अपडेटने आमच्याकडे काय करून ठेवलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. नुसतं बघितलं असतं तर आज इतक्या रागाने सांगत बसले नसते. त्यात माझा स्वतःचा हात आहे, आणि फोटोताईचाही, जिने आयुष्यात कधी कुणाला खोटा फोटो दिला नाही.

आमचा विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत बाकडी, दुसरीत ड्रेसिंग, तिसरीत फोटो. येणारे बहुतेक साखरेचे पेशंट, पायाची जखम घेऊन आलेले. खडा टोचला, बूट घासला, बधिर पायाला कळलंच नाही, आणि आता महिने झाले तरी भरत नाही. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर आमच्याकडे बसत नाहीत, ते दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात असतात. दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही प्रत्येक जखमेचा फोटो त्यांना पाठवतो आणि ते तिथून ठरवतात: इंजेक्शन चालू ठेवा, बंद करा, घरी सोडा, माझ्याकडे पाठवा. म्हणजे पाय इथे आणि त्याचा निकाल तिथे. मधे काय, तर एक फोटो. तो काढते फोटोताई.

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते वापरल्याचं मला आठवत नाही. बुटकी, जाड भिंगांची, आणि आवाज असा की बाहेरच्या बाकड्यावर पाय पसरून बसलेला माणूस आपोआप पाय आवरतो. तिच्या खोलीत तिचंच राज्य. खिडकीला काळा पडदा, कायम बंद. दोन दिवे, ते फोटोच्या आधी पाच मिनिटं लावून ठेवायचे, कारण गार दिव्याचा रंग वेगळा पडतो म्हणे. कॅमेऱ्याच्या तिपाईला एक सुतळी बांधलेली, टोकाला गाठ. गाठ जखमेपर्यंत पोचली की अंतर बरोबर. जखमेखाली हिरवं कापड, शेजारी मोजपट्टी आणि रंगांच्या चौकोनांचं एक छोटं कार्ड. कॅमेऱ्यावरच्या सगळ्या फिरत्या बटणांवर तिने आमची ड्रेसिंगची चिकटपट्टी लावून ठेवली होती. त्या पट्टीला चुकून बोट लागलं तरी डॉक्टर असो की झाडूवाला, त्याची धडगत नसायची.

आणि तिचा एक नियम होता. नवा डॉक्टर आला, नवी नर्स आली, की पहिल्याच दिवशी त्याला उभं करून ऐकवायची: “डोळ्यांवर जायचं नाही. फोटोवर जायचं.” का, तेही सांगायची. डोळा संध्याकाळी दमतो. कालची लाली किती होती ते डोळ्याला आठवत नाही. पेशंट स्वभावाने गोड असला की त्याची जखमही आपल्याला जरा बरीच दिसते. फोटोला असली कुणाची माया नसते. जखमेभोवती लाली किती पसरली हे कॉम्प्युटर फोटोवरून सेंटिमीटरमध्ये मोजायचा आणि आम्ही तोच आकडा कागदावर लिहायचो. मीही तिच्याच हाताखाली घडले. “मला वाटतं लाली वाढलीय” असं एकदा, पहिल्या वर्षी, मी म्हणाले होते. “तुला काय वाटतं ते घरी जाऊन सांग,” असं उत्तर मिळालं.

या हट्टाला कारण होतं. ताई वाढली वडिलांच्या फोटो स्टुडिओत. तेव्हा निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने काम करायचे. चेहऱ्यावरचा मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचा जुना व्रण, सगळं पेन्सिलने भरून काढायचं. ताई यात पटाईत. पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून बावीस वर्षं तिने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसले. एकदा एक बाई फोटो घ्यायला आली आणि म्हणाली, या गालावरची खूण कुठे गेली? ताईने अभिमानाने सांगितलं, काढून टाकली. ती बाई तिथेच रडायला लागली. नवऱ्याने मारलं होतं आणि तिला तो फोटो पोलिसांना द्यायचा होता. ताईच्या वडिलांनी दुसरा फोटो काढायचा म्हटलं, पण तोवर दहा दिवस होऊन गेले होते, गालावर काही उरलं नव्हतं. ताईने त्या आठवड्यात स्टुडिओ सोडला. आमच्याकडे मुलाखतीत तिने एकच प्रश्न विचारला होता: इथे कुणाचे डाग पुसायला तर लागणार नाहीत ना?

तर अशा बाईकडे एके दिवशी कॉम्प्युटर विभागाचं पत्रक आलं. नेटवर्कला जोडलेलं प्रत्येक यंत्र एक तारखेच्या आत नव्या आवृत्तीवर न्यायचं, नाही तर ते नेटवर्कवरून तोडलं जाईल. कॅमेरा फोटो बिनतारी पाठवायचा, त्यामुळे तोही यादीत. ताई पत्रक घेऊन तडक कॉम्प्युटरसाहेबांकडे गेली. मला मुद्दाम बरोबर नेलं, साक्षीला.

“नव्या आवृत्तीत काय बदललंय?” तिने विचारलं.

साहेबांनी पडद्यावर तीन ओळी दाखवल्या. सुरक्षेत सुधारणा. किरकोळ दोष दूर. चित्रांचा दर्जा वाढवला.

“ही तिसरी ओळ. दर्जा वाढवला म्हणजे नेमकं काय केलं?”

“म्हणजे फोटो चांगले येतील, ताई.”

“मला चांगले नकोयत. मला कालच्यासारखे हवेत.”

साहेब हसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून हात शिवशिवतात. वयस्कर बायका नव्या गोष्टींना घाबरतात, असं ते हसणं होतं. ताईने कंपनीला दोन पत्रं लिहिली, त्याच तिसऱ्या ओळीबद्दल. दोन्हींना एकच उत्तर आलं, आमच्या उत्पादनावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, तुमच्या एका कॅमेऱ्यासाठी सगळ्या हॉस्पिटलचं नेटवर्क धोक्यात घालू का? ताई पत्रकाची घडी घालून परत आली.

अपडेट करायला सोमवारी सकाळी कॉम्प्युटर विभागातला एक दाढीवाला आला. सोमवार म्हणजे फोटोंचा दिवस, हे त्याला कोण सांगणार. बाहेर अकरा पेशंट पट्ट्या सोडून बसलेले. त्याने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसलं, फाइल टाकली, मेनूत जाऊन बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘बंद करू नका’, आणि एक पट्टी सरकायला लागली. बहात्तर टक्क्यांवर ती जी अडली ती हलेचना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला.

“पूर्ण चार्ज केली होती ना?” ताईने विचारलं.

“अर्धी होती. पुरेल असं वाटलं.”

मधेच बॅटरी गेली तर कॅमेरा कायमचा मेला, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याला वाटलं! ताई चाळीस मिनिटं त्या कॅमेऱ्यासमोर हाताची मूठ तोंडावर धरून उभी राहिली. बाहेर पेशंट कुरकुरत होते. शेवटी पट्टी सरकली, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तारीख दहा वर्षांपूर्वीची, भाषा कुणालाच न कळणारी, आणि ताईच्या सगळ्या सेटिंग साफ. दाढीवाला म्हणाला, “झालं की! यशस्वी,” आणि सही घेऊन गेला.

ताईकडे एक वही होती. त्यात कॅमेऱ्याच्या एकतीस सेटिंग तिने क्रमाने लिहून ठेवल्या होत्या. दीड तास बसून तिने एकेक करून एकतीसच्या एकतीस परत लावल्या. मग कार्डाचा फोटो काढला आणि जुन्या कार्डाच्या फोटोशेजारी ठेवला. लाल चौकोन तोच लाल, हिरवा तोच हिरवा, करडा तोच करडा. माझ्याकडूनही बघून घेतलं. तंतोतंत. तिने वहीत लिहिलं, ‘कार्ड जुळले’, खाली सही केली, आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.

पुढचे अकरा दिवस आमच्या विभागात कधी नव्हती इतकी प्रगती झाली. ज्याची त्याची लाली उतरत होती. मोठे डॉक्टर खूश. मीही खूश, खोटं कशाला सांगू.

त्यातले एक गवंडीकाका, इंजेक्शनांसाठी वरच्या वॉर्डात दाखल. साठीच्या आसपासचे, उंच, पायाच्या अंगठ्याखाली जखम. त्यांचं एकच टुमणं, मला लवकर सोडा, माझ्याशिवाय तिथे भिंत ओळंब्यात उभी राहत नाही. गवंडीकाकू दिवसभर शेजारी बसून त्यांना दटावायच्या. दुसऱ्या गुरुवारी मी त्यांची पट्टी सोडली, पायाला हात लावला, तर पाय गरम. आणि जखमेच्या वर तीन बोटांपर्यंत लाल.

फोटोखोलीत ताईने फोटो काढला, पडद्यावर बघितला, पुन्हा पायाकडे बघितलं. मग मला हाताला धरून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे नेलं.

“तुला त्या पायाची लाली डोळ्यांना किती दिसते?”

“बरीच दिसतेय.”

“मलाही. आणि हा फोटो बघ.”

फोटोत पाय फिकट गुलाबी. कॉम्प्युटरने लाली मोजली, अर्धा सेंटिमीटर. ताईने फोटोतलं कार्ड मोठं करून बघितलं. लाल चौकोन लालभडक, जसा हवा तसा.

“कार्ड तर बरोबर आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच चाचरणं ऐकलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “दुपारचे तीन वाजलेत ताई, आपले डोळे दमलेत. दिवेही जुने झालेत तुझे. डोळ्यांवर जायचं नाही, फोटोवर जायचं, तूच शिकवलंस ना?” हसून म्हणाले वर. ती हसली नाही. तिचंच वाक्य मी तिच्या तोंडावर मारलं होतं. फोटो गेला. तासाभरात मोठ्या डॉक्टरांचं उत्तर आलं: लाली ओसरली, इंजेक्शन बंद, गोळ्या देऊन घरी सोडा. मी कागदावर ‘लाली ०.५ सेंमी’ लिहिलं आणि सही केली. काका कुबड्या बगलेत मारून जवळजवळ पळतच बाहेर पडले.

शनिवारी दुपारी बारानंतर विभाग बंद होतो. ताई मात्र थांबली होती. दिवे जुने झालेत हे माझं वाक्य तिने मनावर घेतलं होतं. दोन्ही दिवे बदलले, कढत पाण्यात हिरवी कापडं पिळून धुतली, आणि मग तशाच ओल्या हाताने कार्ड धरून चाचणीचा फोटो काढला. मी निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात आतून हाक आली.

“सिस्टर, इकडे ये. माझा हात बघ. कसा दिसतो?”

कोपरापर्यंत भाजल्यासारखा लाल झाला होता. “अगं, इतक्या गरम पाण्यात कशाला हात घातलास?”

“आता इकडे बघ.”

पडद्यावर तिचा हात होता. गोरागोमटा, नितळ, एखाद्या साबणाच्या जाहिरातीत शोभेलसा. बोटांत धरलेलं कार्ड मात्र जसंच्या तसं, लाल चौकोन लाल. ताईने एका हिरव्या कापडाला मधोमध भोक पाडलं, ते हातावर असं घातलं की हात म्हणून काही ओळखू येऊ नये, फक्त भोकातून कातडीचा एक तुकडा दिसावा. फोटो काढला. तुकडा लालबुंद आला.

“त्याला हात ओळखू येतोय,” ताई म्हणाली. “माणसाची कातडी दिसली की तो लाली पुसतोय. बाकी कशाला हात लावत नाही. म्हणून कार्ड जुळलं.”

मग ती मेनूत शिरली, पान न् पान बघत. तिसऱ्या विभागात, चेहऱ्यांच्या फोटोंसाठी असलेल्या पानावर, सगळ्यात खाली एक नवी ओळ सापडली. ‘त्वचा सौम्य: चालू.’ अपडेटने आणलेली, आणि आपणहून चालू करून ठेवलेली. ताईच्या वहीत एकतीस सेटिंग होत्या. ही बत्तिसावी. वहीत नसलेली गोष्ट ती परत कशी लावणार होती?

तिने बटण दाबून ती बंद केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग वही उचलली आणि भिंतीवर भिरकावली. “बावीस वर्षं केलं मी हे पाप! सोडून आले! आणि आता हे मशीन मला न विचारता माझ्याच हाताने करून घेतंय!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडणं नव्हतं.

“ताई,” मी म्हटलं, “गवंडीकाका.”

कागदावर दिलेला पत्ता बांधकामाचा होता आणि नंबर मुकादमाचा निघाला. मी फोन केला. “आहे की, वर स्लॅबवर उभाय,” तो म्हणाला. त्यांना ताबडतोब पाठवा म्हटलं, तर म्हणे सांगतो संध्याकाळी. पुन्हा केला तर उचलेना. मोठ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात शनिवारी दुपारी फोन घेणारी बाई म्हणाली, सोमवारी करा. तिथून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पंचवीस मिनिटं पेटीचं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, “हा दोष नाही मॅडम, ही सुविधा आहे. ग्राहकांची खूप मागणी होती. माहितीपत्रकात सविस्तर दिलंय, चौदाव्या पानावर.” ते माहितीपत्रक आम्हाला कुणी दिलं होतं, हे मी त्याला विचारलं. त्याने मला त्याच्या सेवेबद्दल किती गुण द्याल, असं विचारलं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघी बसने त्या बांधकामावर गेलो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही, ताई जाड भिंगांतून एकेक पायरी चाचपत वर चढली. काका ओळंबा धरून उभे होते. जखमेच्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, त्यावर बूट.

“तुम्हाला गोळ्या दिल्या त्या झोपून खायला दिल्या होत्या, की भिंती बांधायला?” ताई एवढ्या जोरात ओरडली की खालची माणसं वर बघायला लागली.

“अहो ताई, तुम्हीच तर सोडलंत! बरा झालाय पाय. दुखतही नाही.”

दुखणार कसा, बधिर पाय तो. ताईने वाकून स्वतः बूट काढला, पिशवी सोडली. वास आला. दोन बोटं काळी पडली होती आणि लाली नडगीच्या मध्यापर्यंत चढली होती. यानंतर ताई ओरडली नाही. तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, “काका, चला.” चार मजुरांनी त्यांना उचलून खाली आणलं, आणि तिथून भाड्याच्या गाडीतून आम्ही थेट मोठं हॉस्पिटल गाठलं. काकूंना मुकादमाने निरोप पाठवला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता बैठक होती. व्यवस्थापकबाई, कॉम्प्युटरसाहेब, आम्ही दोघी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर मोठे डॉक्टर. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं की ते ऑपरेशन आटोपून आले आहेत. काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी टेबलाची कडा धरून बसले.

कॉम्प्युटरसाहेबांनी फाइल उघडली. “झालं ते वाईटच. पण अपडेट तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झालं होतं. रंगांची चाचणीही झाली. इथे ताईंची स्वतःची सही आहे, ‘कार्ड जुळले’. रंगांत काही फरक असता तर दिसला नसता का?”

ताई उठली. कॅमेरा तिने बरोबर आणला होता, ती सेटिंग मुद्दाम पुन्हा चालू करून. “साहेब, बाही वर करा.”

“कशाला?”

“करा तर.”

त्यांनी हसत बाही वर केली. ताईने त्यांचा हात टेबलावर सरळ ठेवला, आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून त्यावर थप्पड मारली. असा आवाज झाला की व्यवस्थापकबाईंच्या हातातलं पेन पडलं. साहेब ओरडले. हातावर पाच बोटं लख्ख उठली, आमच्या डोळ्यांदेखत लाल होत गेली. ताईने शेजारी कार्ड ठेवलं, फोटो काढला आणि भिंतीवरच्या पडद्यावर लावला.

हात नितळ. एकही बोट नाही. कार्ड तंतोतंत.

“दुखतंय का?” ताईने विचारलं. “फोटोत तर काही नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग विचारलं, “अकरा दिवसांत किती फोटो आले माझ्याकडे?” एकोणीस पेशंटचे आले होते. व्यवस्थापकबाई सावरून म्हणाल्या की सगळ्यांना पत्र पाठवू, ‘काही फोटोंमध्ये किरकोळ रंगफरक आढळल्याने पुन्हा तपासणीस यावे’.

“किरकोळ?” ताई म्हणाली. “एका माणसाचा पाय गेला, बाई. तो शब्द काढा, नाही तर मी पत्र लिहिते आणि माझ्या अक्षरात लिहिते.” शब्द निघाला. पत्राची वाटही आम्ही बघितली नाही. मी आणि ताईने त्या दिवशी दुपारपर्यंत बाकीच्या अठराजणांना फोन केले. सतराजणांना नुसतं बघून सोडता आलं, एका आजींची इंजेक्शनं पुन्हा सुरू करावी लागली.

चौकशी आठवडाभर चालली. अहवालात दोष कॅमेऱ्याचा, असं ठरलं. ताईने त्यावर सही करायला नकार दिला. तिने स्वतःचा वेगळा कागद जोडला, दोनच ओळींचा. ‘मी कार्ड तपासले. मी माणूस तपासला नाही.’ माझं नाव अहवालात कुठेच नव्हतं. लाली मी फोटोप्रमाणे लिहिली होती, म्हणजे नियमाप्रमाणे. माझ्याकडून काहीच चुकलं नव्हतं, असं तो कागद म्हणत होता, आणि खरं सांगते, तो वाचून मला आधी हायसं वाटलं. मग स्वतःची चीड आली.

तीन आठवड्यांनी काका आमच्याकडे परत आले, टाक्यांच्या जखमेच्या ड्रेसिंगला. चाकांच्या खुर्चीत, मागे काकू. वजन निम्मं झालेलं. कॅमेऱ्याची बत्तिसावी सेटिंग आता बंद होती आणि त्यावरही चिकटपट्टी लावता आली असती तर ताईने ती लावली असती. तिने दिवे लावले, उरलेल्या पायाखाली हिरवं कापड पसरलं, सुतळी ओढली. मी कार्ड धरून शेजारी उभी होते.

“सिस्टर,” काका म्हणाले, “त्या गुरुवारी तुम्ही माझ्या पायाला हात लावून बघितला होतात.”

“हो.”

“गरम होता?”

मी ताईकडे बघितलं. इतक्या वर्षांची सवय, अडलं की तिच्याकडे बघायचं. तिचा चेहरा संतापाने काळवंडला होता, आणि तो संताप माझ्यावर होता. “माझ्याकडे काय बघतेस?” ती म्हणाली. “त्यांनी तुला विचारलंय.”

“होता,” मी म्हटलं. “गरम होता काका. लालही होता, तीन बोटं वरपर्यंत. मला दिसत होतं. पण फोटोत नव्हतं, म्हणून मी नाही लिहिलं.”

काकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलल्या त्या काकू, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते मला जास्त लागलं.

“लाल तर मलाही दिसत होता,” त्या म्हणाल्या. “घरी गेल्यावर रोज दिसायचा. यांना म्हटलं, लाल आहे हो अजून. हे म्हणाले, अगं, फोटो काढून बघितलाय त्यांनी, तुला काय कळतंय.”